पाण्याखाली जाण्यापूर्वी किती शिकावे?



आपल्या धर्मग्रामातील काही तरुण सुटीत मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करणार आहेत. परवा मिस्सेनंतर त्यांनी विचारले, "फादर, पोहता येत नसलं तरी चालतं म्हणे. थोडा वेळ शिकवतात आणि खाली नेतात. जाऊ ना?" आम्हाला लगेच 'जा' म्हणता आले नाही.

आपला सिन्नर तालुका कोरडा. इथे पोरे पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला डबा बांधून, मामा किंवा चुलता काठावर उभा असताना. डबा कधी सोडायचा हे मामा ठरवीत असे. पोर घाबरल्यावर काय करते, ते पाहून.

स्कूबात मुख्य प्रश्न हाच आहे. प्रमाणपत्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस लागतात. आधी उथळ, शांत पाण्यात सराव, मग समुद्रात चार डुबक्या. चष्म्यात शिरलेले पाणी काढणे, तोंडातून सुटलेली नळी परत धरणे, सोबत्याच्या टाकीतून श्वास घेणे हे पुन्हापुन्हा करून घेतात. तेव्हा कुठे १८ मीटरपर्यंत सोबत्याबरोबर जाण्याची मुभा मिळते. पर्यटकांची डुबकी वेगळी. तिथे प्रशिक्षक हात सोडत नाही, म्हणून थोडे शिक्षण पुरते. हे आम्हाला मान्य आहे.

पण एक गोष्ट प्रशिक्षकाला आपल्यासाठी करता येत नाही, ती म्हणजे श्वास. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेऊन, श्वास रोखून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. दीड-दोन मीटरवरूनही हे घडू शकते. आणि घाबरलेला माणूस नेमके हेच करतो, श्वास रोखतो आणि वर धावतो. खुणांचेही तसेच. अंगठा वर केला तर आपल्याकडे 'छान', पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'.

काहीजण म्हणतात, एवढे सांगितले तर गिऱ्हाईक घाबरून परत जाईल आणि किनाऱ्यावरच्या पोरांचा रोजगार बुडेल. रोजगाराची काळजी आम्हालाही आहे. पण धोका न सांगता घेतलेली सही ही संमती नव्हे. माळेगाव किंवा मुसळगावच्या कारखान्यात प्रेस मशीनवर नव्या मुलाला असे उभे केले, तर आपण गप्प बसू का?

शिकणाऱ्यावर सगळे ढकलूनही चालत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. तिथे पाण्याखालचे शिक्षण काय कामाचे?

तरीही शिकणाऱ्याचा वाटा उरतोच. जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे, ते हयगयीने न जाणणे हा दोष आहे, असे संत थॉमस अक्वायनस म्हणतात. जाणूनबुजून लपवणे तर त्याहून वाईट. हे लिहायचे कारण असे, की त्या तरुणांपैकी एकाला लहानपणापासून दमा आहे. फॉर्मवर तो प्रश्न असतो. "लिहिलं तर घेणार नाहीत, फादर. फक्त पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

आम्ही त्याला आधी डॉक्टरांकडे जायला आणि फॉर्मवर खरे तेच लिहायला सांगितले. नाकारले, तर बोटीत बसून मित्रांचे कपडे सांभाळ, असेही म्हणालो. त्यावर तो हसला, पण हो म्हणाला नाही.