भिंत पाडण्याची मुभा

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ‘डी-स्कूल’ या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेला २००५ साली साडेतीन कोटी डॉलरची देणगी मिळाली. देणारे हासो प्लाटनर हे ‘सॅप’ या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. एवढ्या पैशांत एखादी देखणी इमारत लगेच उभी करता आली असती. डी-स्कूलचे पहिले बिऱ्हाड मात्र विद्यापीठाच्या आवारात कडेला पडलेल्या एका ट्रेलरमध्ये होते आणि २०१० मध्ये कायमची जागा मिळेपर्यंत ते अनेकदा हलले. दर मुक्कामात शिक्षक एकच गोष्ट पाहत राहिले : मुले खोलीत आल्यावर प्रत्यक्षात काय करतात? कुठे उभी राहतात, फळा कुठे ओढून नेतात, कोणत्या कोपऱ्याकडे फिरकतही नाहीत? त्यातून चाकांची टेबले आली. कपड्यांच्या दुकानात असतात तसल्या सरकत्या रॅकवर पांढरे फळे बसवले गेले. कायमची इमारत मिळाली तेव्हा आपल्याला काय हवे आणि काय नको, हे त्यांना पाच वर्षांच्या वापरातून कळलेले होते.

याच पद्धतीला डिझाइन थिंकिंग म्हणतात. डी-स्कूलचे एक संस्थापक डेव्हिड केली यांच्या ‘आयडिओ’ या कंपनीने ती उद्योगजगतात रुजवली. तिच्या पायऱ्या पाठ करायला सोप्या आहेत : ज्याच्यासाठी काम करायचे त्याला समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, भरपूर कल्पना काढा, त्यातल्या एखादीचा कामचलाऊ नमुना करा, तो वापरून पाहा आणि चुकले तर मागे या. वैचारिक मुळे याहून जुनी आहेत. डिझाइनचा शास्त्र म्हणून विचार मांडणारे हर्बर्ट सायमन यांचे ‘द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल’ हे पुस्तक १९६९ सालचे. त्याच वर्षी पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले. म्हणजे हा विचार आपल्याला अगदीच परका नाही.

तरीही आपल्या विद्यापीठांनी डी-स्कूलकडून काय घेतले, हे कुठल्याही ‘इनोव्हेशन सेंटर’मध्ये डोकावले की दिसते. रंगीत खुर्च्या आल्या, काचेच्या भिंती आल्या, चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे आले आणि दाराशी देणगीदाराच्या नावाचा पितळी फलक आला. आधी पाहायचे आणि मग बांधायचे, हा क्रम तेवढा सीमेपलीकडेच राहिला. आणि याचे कारण मला वास्तुरचनेत दिसत नाही, ते पैसे मागण्याच्या पद्धतीत दिसते. विद्यापीठ निधी गोळा करायला निघते तेव्हा वापरणाऱ्याच्या खुर्चीत देणगीदार बसलेला असतो. त्याला काय आवडेल, त्याचे नाव कुठे शोभेल, उद्घाटनाला कोण येईल, या प्रश्नांवर आराखडा ठरतो. दहा वर्षांनी संध्याकाळी सात वाजता त्या खोलीच्या दाराशी येऊन कुलूप पाहणारी विद्यार्थिनी त्या बैठकीत नसते.

लग्नाच्या आहेरात सहा लेमन सेट आणि चार घड्याळे जमतात, पण गॅसची शेगडी कोणी देत नाही. विद्यापीठांचे तसेच होते. इमारतीला दाता मिळतो, यंत्राला मिळतो. ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराला, थ्रीडी प्रिंटरच्या फिलामेंटला, लेझर कटरच्या दुरुस्तीला मिळत नाही. याला केवळ दात्यांची हौस जबाबदार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करायला लावले, पण २२ जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कायम ठेवीत घातलेली रक्कम हा खर्च म्हणून धरली जात नाही. सरकारची बाजूही समजण्यासारखी आहे : ठेवीत घातलेला पैसा कामाला लागला की नुसता पडून राहिला, हे तपासणे कठीण. परिणाम मात्र असा, की ज्या व्याजावर एखादा तंत्रज्ञ वर्षानुवर्षे पोसता आला असता, ते व्याज या वाटेने उभेच राहू शकत नाही. दिसेल आणि मोजता येईल अशा वस्तूकडेच पैसा वळतो. ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेने शाळांसाठी निदान एक शहाणपण दाखवले. दर शाळेच्या वीस लाखांपैकी दहा उभारणीला आणि दहा पाच वर्षांच्या चालवण्याला. सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न तिथेही उरतोच.

जागा आणि पैसा यांचे नाते समजून घ्यायला अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘बिल्डिंग २०’ इतके चांगले उदाहरण नाही. १९४३ मध्ये, युद्धाच्या घाईत, रडारच्या संशोधनासाठी लाकडाची तीन मजली इमारत उभी केली गेली. युद्ध संपताच ती पाडायची होती. ती १९९८ पर्यंत टिकली. उन्हाळ्यात आत भट्टी, हिवाळ्यात बर्फ, खोल्यांचे क्रमांक कोणालाही न कळणारे. पण तिथे कोणीही भिंतीला भोक पाडून तार ओढू शकत असे. जेरोल्ड झकारियास यांना अणुघड्याळाच्या प्रयोगासाठी उंची हवी होती, तर वरचे दोन मजले कापून ती मिळवली गेली. नोम चॉम्स्कींचे भाषाशास्त्र, ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा आणि खेळण्यातल्या आगगाड्यांचे वेड असलेल्या विद्यार्थ्यांचा क्लब एकाच छपराखाली नांदत होते. त्याच क्लबातून पुढे संगणकवेड्यांची पहिली पिढी निघाली. इमारतीला कोणाचे नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. नाव नसल्यामुळे ती बिघडण्याची भीती कोणालाच नव्हती.

तीच जागा मोकळी करून २००४ मध्ये स्टाटा सेंटर उभे राहिले. वास्तुकार फ्रँक गेरी, मुख्य दाते रे आणि मारिया स्टाटा. तिरकस मनोरे, चमकते पत्रे; जगभरातून लोक छायाचित्रे काढायला येऊ लागले. २००७ मध्ये एमआयटीने गळती, भेगा आणि पाण्याच्या निचऱ्यावरून गेरी यांच्या कार्यालयावर दावा लावला, तो २०१० मध्ये सामोपचाराने मिटला. स्टाटा सेंटर निरुपयोगी ठरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. संगणकशास्त्राचे उत्तम काम तिथे चालते आणि तळमजल्यावरचा लांब रस्ता विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो. पण तिथे दोन मजले कापायची कल्पनाही कोणाच्या मनात येणार नाही. ज्या इमारतीची छायाचित्रे निघतात, तिच्या भिंतींवर हातोडा चालवायला कोणी धजत नाही.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस म्हणजे अमर बोस. वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले. बोस यांचे संशोधनाचे दिवस बिल्डिंग २० च्या त्या मोकळ्या वातावरणातले आणि ध्वनीची गोडी लागली तीही तिथेच. पुढे त्यांनी स्पीकरांची जगप्रसिद्ध कंपनी काढली. २०११ मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग एमआयटीला देऊन टाकले. अटी अशा, की एमआयटीने ते विकायचे नाहीत, कारभारात पडायचे नाही, आणि मिळणारा लाभांश शिक्षण व संशोधनावर खर्च करायचा. त्यांनी इमारत दिली नाही, एक वाहता झरा दिला. मला यात योगायोग वाटत नाही. ज्याने मोडक्या जागेत मोकळीक अनुभवली, त्याला विद्यापीठाला नेमके काय लागते हे ठाऊक होते.

माजी विद्यार्थी हा म्हणूनच वेगळा देणगीदार. तो एकेकाळचा वापरणारा असतो. नंदन नीलेकणी १९७३ मध्ये आयआयटी मुंबईत दाखल झाले आणि २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरून एकूण ४०० कोटी. आधीच्या रकमेतून नवी वसतिगृहे झाली, नवउद्योगांच्या इन्क्युबेटरला हातभार लागला. वसतिगृह ही गोष्ट तिथे राहिलेल्यालाच सुचते. पण या आपुलकीत एक सापळाही असतो. माजी विद्यार्थ्याला समजतो तो पन्नास वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. आजच्या वर्गात पहिल्या पिढीची शिकणारी मुलगी आहे आणि शेवटची बस पकडायची म्हणून सहालाच निघून जाणारा मुलगा आहे. त्यांची ओळख करून देणे हे विद्यापीठाचे काम. डिझाइन थिंकिंगची पहिली शिस्त इथेच कामी येते : आपल्या आठवणींवर विसंबू नका, जाऊन पाहा.

महाराष्ट्रात ही शिस्त कोणतेही नाव न देता पाळली गेलेली आहे. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आलेली होती. पण त्यांनी नक्कल केली नाही. इथल्या मुलींना काय अडते ते पाहिले आणि त्याप्रमाणे शिक्षण मातृभाषेतून ठेवले, इंग्रजी आवश्यक विषय म्हणून राखली, गृहजीवनशास्त्रासारखे विषय घेतले. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले तेव्हा सरकारी मान्यता नव्हती, इमारतीचा थाट नव्हता. सर विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख आले ते १९२० मध्ये आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागले. नाव लागले याला माझी हरकत नाही. लक्षात घ्यावा तो क्रम. चार वर्षे नमुना चालला, मग मोठा दाता आला. त्याला दाखवायला चित्र नव्हते, शिकणाऱ्या मुली होत्या. पुढे सत्तरी ओलांडल्यावर कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेतही निधीसाठी फिरले, तेव्हाही झोळीत चालत्या कामाचीच हकिकत होती.

पाबळची गोष्ट याच क्रमाची. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातून निवृत्त झालेल्या डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी करत शिकू लागली. गावाला लागणाऱ्या सेवा देता देता शिक्षण होऊ लागले. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या प्रयत्नांतून एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली, ती याच पाबळमध्ये. यंत्रे आली तेव्हा ती वापरणारे हात एकोणीस वर्षांपासून तयार होत होते. आपण आज बरोबर उलटे करतो. आधी यंत्रांची खरेदी, मग त्यांच्यासाठी विद्यार्थ्यांचा शोध.

डिझाइन थिंकिंगवर आक्षेपही आहेत आणि त्यातला एक इथे अचूक लागू पडतो. नताशा जेन या ग्राफिक डिझायनरने २०१७ मध्ये म्हटले, की या पाच पायऱ्यांतून डिझाइनचा प्राणच निसटला आहे, आणि तो म्हणजे परखड टीका. निधी संकलनात तर टीकेला जागाच नसते. पैसे देणाऱ्याला ‘ही कल्पना चुकीची आहे’ असे कोण म्हणणार? कुलगुरू हसतात, अधिष्ठाता मान डोलावतात, वास्तुकार काच वाढवतो. नमुना तपासण्याची पायरी गळते, कारण तो नापास झाला तर देणगी जाईल अशी धास्ती असते.

म्हणून बदल आराखड्याच्या आधी, मागणीच्या पत्रात व्हायला हवा. मोठ्या रकमेआधी एक लहान रक्कम मागावी : रिकाम्या पडलेल्या शेडमध्ये एक वर्ष प्रयोग चालवायला. वर्षअखेरीस दात्याला बोलवावे आणि पुढचा आराखडा वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी, कार्यशाळेच्या तंत्रज्ञाने आणि रात्रीच्या पहारेकऱ्याने त्याच्यासमोर मांडावा. काय फसले तेही सांगावे. उभारणीच्या प्रत्येक रुपयाबरोबर चालवण्याची तरतूद मागावी. कंपनीचा पैसा ठेवीत जात नसेल, तर वर्षागणिक पगाराचा करार करावा आणि ठेव माजी विद्यार्थ्यांकडून उभारावी. नावाचा फलक जरूर लावावा, पण करारात एक कलम असावे : या जागेतल्या भिंती, टेबले आणि यंत्रे गरजेप्रमाणे हलवण्याचा, मोडण्याचा अधिकार ती वापरणाऱ्यांचा राहील.

हे कलम वाचून काही दाते मागे फिरतील. त्यांच्या पैशांतून उभी राहिली असती ती इमारत विद्यापीठाला पुढची चाळीस वर्षे पुसत, रंगवत आणि जपत बसावी लागली असती. जे सही करतील, त्यांच्याबरोबर मात्र विद्यापीठाला दुसऱ्या दिवसापासून कामाला लागता येईल.