दिसली नाहीत तरी

कासवांचा हंगाम आला की वेळासला निघालेल्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो, "पिल्लं नक्की दिसतील ना?" रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीपासून जवळच हे गाव आहे. रायगडाकडून यायचं तर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून वेशवीला उतरायचं. एवढा खटाटोप करून माणूस येतो, पैसे मोजतो, तेव्हा त्यानं असं विचारण्यात गैर काय, असं कुणीही म्हणेल. तरीही हा प्रश्न मला खटकतो, कारण त्यात आपण कशाचे पैसे देतो याचाच घोळ आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची; राहिलेली कुत्र्या-कोल्ह्यांची. 2002 पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. राखण करणारे हे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी कुंपणातल्या तशाच खोल खड्ड्यात हलवतात. पुढचे पन्नासएक दिवस काम वाळूच्या उबेचं. थंडी लांबली तर पिल्लं उशिरा, उन्हं तापली तर लवकर. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. कधी खाली तीस-चाळीस पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू. या प्राण्याचा अंदाज अभ्यासकांनाही पुरता लागत नाही. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली मादी 2025 मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली! दोन्ही किनाऱ्यांची कासवं वेगळी, असा समज तोवर होता. मग घरी पाहुणे ठेवणाऱ्या बाईंनी उद्या सकाळची हमी कुठून द्यायची?

यावर कुणी म्हणेल, मग माणसांनी तिथं जाऊच नये. गर्दीनं किनारा बिघडतो. हा आक्षेप पोकळ नाही. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, म्हणून मोबाइलचा झोत त्यांना भलतीकडे नेऊ शकतो. दोरीच्या आत पाय टाकणारे, "उचलून पाण्यात सोडा ना" म्हणणारेही असतात. वाळूवरचं ते चालणं पिल्लांना किनाऱ्याची ओळख देतं असं मानलं जातं, हे त्यांच्या गावी नसतं. पण पर्यटक नव्हते तेव्हा अंडी सुखरूप होती, असं थोडंच आहे? अंड्यांना पहारा मिळाला आणि मग पाहुण्यांमुळे त्या पहाऱ्याला गावाचं बळ मिळालं. लोक गावातल्या घरांत राहू लागले, जेवू लागले, आणि वाळूतल्या घरट्यावर दोन पैसे घरात येऊ लागले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कासवाला संरक्षण आहेच, पण भल्या पहाटे निर्मनुष्य किनाऱ्यावर कायदा चालत जात नाही, गावातला माणूस जातो.

म्हणून मला वाटतं, ज्याला पिल्लू दिसलं नाही त्याचे पैसेही वाया गेले नाहीत. त्याच्या मुक्कामाचा वाटा आज न फुटलेल्या अंड्यांच्या राखणीत आहे. मोठं होईपर्यंत हजारातलं एखादंच पिल्लू तगतं म्हणतात. ते कुणाच्या सुट्टीत बाहेर आलं, याला तिथं काही मोल नाही. शिवाय सुरूचं बन आहे, बाणकोटचा किल्ला आहे, नाना फडणवीसांचं हे मूळ गाव आहे. टोपलीखाली काही निघालं नाही म्हणून तडक गाडीत बसणाऱ्यांचं मात्र मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा यंदा जाणार असाल तर शक्यतो दोन रात्री राहा, गावातच जेवा, किनाऱ्यावर दिवा लावू नका आणि कासवमित्र सांगतील तिथंच थांबा. मुलांना नेणार असाल, तर पिल्लं कदाचित दिसणार नाहीत, हे त्यांना निघण्याआधीच सांगा.