गळ्यातील माळ आणि कोर्टातील साक्ष

खुनाचा आरोपी पुराव्याअभावी सुटला, अशी बातमी आली की माणदेशातल्या पारावर एकच बोलणे निघते, "पैका चारला असेल, दुसरं काय!" कायद्यालाही चार शिव्या मिळतात. आम्हांस हे पटत नाही. गुन्हा निःसंशय शाबीत झाल्यावाचून कोणाला शिक्षा देऊ नये, हा नियम दयेचा आहे. उद्या खोटा आळ आपल्या पोरावर आला तर तोच त्याला तारील. आणि कोर्टाने सोडलेल्याला आपण पारावर बसून खुनी ठरवावे, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मग सत्य गेले कुठे? जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे घ्या. २८ एप्रिल २०१४ रोजी तेथे नितीन आगे या १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून त्याला मारले, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फिरले होते. पोर गेले, हे कोणी नाकारीत नाही; कोणी मारले, याचे उत्तर कागदावर नाही. न्यायाधीशाने तरी काय करावे? त्याने पाहिलेले नसते. पाहिलेले असते गावाने.

आपण वारकरी माळ घालताना खोटे न बोलण्याचे पत्करतो. एकादशीला चुकून दाणा तोंडात गेला तर दिवसभर हळहळतो, आणि "मी काही पाहिलं नाही" हे पिंजऱ्यातले वाक्य मात्र हलके समजतो! पंढरीत महाद्वारी चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकायचा, आणि गावात मेलेल्याची जात बघून गप्प राहायचे, हे कसे जमते?

बोलणे सोपे, हे आम्ही जाणतो. ज्याची मजुरी, उसनवारी, पाण्याची पाळी दुसऱ्याच्या हातात, त्याने एकट्याने कसे उभे राहावे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना देशभर लागू केली. तिचा अर्ज जरूर करावा. पण पोलीस परत जातात, शेजार राहतो. वारीत थकलेल्याची पडशी दुसरा घेतोच ना? तसेच साक्षीच्या तारखेला चौघा माळकऱ्यांनी त्याच्याबरोबर एस.टी.त बसून वडूजला जावे, साक्ष होईतो कोर्टाच्या आवारात थांबावे, सांजच्याला त्याला घरापर्यंत पोचवावे. त्याचा बुडालेला रोज दिंडीने भरून द्यावा.