आठ आण्यांची सवड

पांढुर्ण्याचे दोन भाऊ नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत वेल्डर होते. हात दोघांचाही साफ. थोरल्याच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी कापली जाई; धाकटा ठेकेदाराकडे, त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, दोघांचंही काम सुटलं आणि दोघं घरी आले.

पोळ्यापर्यंत गाठीचे पैसे संपले. त्याच सुमारास कर्मचारी राज्य विमा महामंडळाने अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचे नियम सैल केले. रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळणारा बेकारी भत्ता 50 टक्के झाला. काम सुटल्यावर 90 दिवस थांबावं लागे, ते 30 वर आलं. जुन्या मालकामार्फत जायची अटही गेली. अर्ज थेट शाखेत देता येऊ लागला. थोरल्याने अर्ज दिला. 400 रुपये रोजाच्या जागी 200, तेही जास्तीत जास्त 90 दिवस.

धाकट्याची पोरगी तापाने फणफणली. दवाखान्यापायी मोटारसायकल विकली. संत्रातोडीच्या ठेकेदाराने 10,000 रुपये उचल पुढे केली, त्याने घेतली आणि बगिच्यात क्रेट वाहू लागला.

काका म्हणाले, "पाह्य, धाकटा कसा कामाले लागला. थोरला बसून खाते."

थोरला बसला नव्हता. घरात पीठ होतं, म्हणून गाडीत पेट्रोल टाकून तो सौंसरकडच्या बोरगावला कारखान्यांचे उंबरे झिजवत होता. बिगारीचं काम मिळत होतं, ते त्याने नाकारलं. दोन महिन्यांनी वेल्डरची जागा मिळाली, जुन्याच रोजावर. तिथे आणखी एक वेल्डर हवा होता. तो त्याच रात्री भावाकडे गेला.

"चाल माह्यासंगं, उद्याच."

"कसा येऊ दादा? उचल फिटली नाही. मोसम संपेपर्यंत ठेकेदार सोडत नाही. अन् येऊ कशावर? गाडी त इकली."

काका म्हणाले, "गरजवंताले अक्कल नसते."

आई म्हणाली, "अक्कल होती, सवड नव्हती. थोरल्याले रुपयामागं चारच आणे भेटले असते, त तोही क्रेटच वाहत रायला असता. आठ आणे भेटले म्हणून बिगारीले नाही म्हणू शकला."

"मंग वर्षभर द्यायचे का? कामाले कोण जाईल?"

"मुदत असू द्या भाऊजी. पण तेवढे दिवस चूल पेटली पाह्यजे. अन् धाकट्याचं नाव रजिस्टरात काहून नव्हतं, हे त्या ठेकेदाराले कोणी इचारलं का?"

काकांजवळ उत्तर नव्हतं. कारखान्याची ती जागा दुसऱ्याच कुणाला गेली आणि एक चांगला वेल्डर मोसमभर क्रेट वाहत राहिला.

तात्पर्य : बेकारीतली मदत तुटपुंजी असली की माणूस मिळेल ते काम आणि मिळेल ते कर्ज धरतो, पुरेशी आणि मुदतीची असली की आपल्या हाताचं काम शोधतो. म्हणून भत्ता वाढवावा, आणि त्याआधी प्रत्येक कामगाराचं नाव नोंदवावं. ज्याचं नावच नाही, त्याला वाढीव भत्त्यातलंही काही मिळत नाही.