शेपटाकडचे पाणी

श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग कोरडा. ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते जानेवारीत जो काही पाऊस देतील तो खरा, बाकी वर्षभर भिस्त तलावावर. अनुराधपुर जिल्ह्यात अशा छोट्या तलावांच्या रांगाच आहेत. वरच्या तलावाचे वाहून आलेले पाणी खालच्यात उतरते, आणि शतकानुशतके गावे या बांधांखाली भात पिकवत आली आहेत. पावसाळी हंगाम 'महा', उन्हाळी हंगाम 'यल'. प्रत्येक हंगामाआधी गावाची 'कन्न सभा' भरते. तलावात पाणी किती, पेरा किती एकरांवर, भाताचे वाण किती महिन्यांचे आणि मोरी कोणत्या दिवशी उघडायची, हे सगळे तिथे ठरते.

पाणी कमी असेल त्या वर्षी जुना रिवाज पुढे येतो. त्याला बेत्म म्हणतात. तलावातल्या पाण्यावर जेवढे शेत भिजेल तेवढेच, मोरीच्या लगतचे, त्या हंगामापुरते साऱ्या गावात वाटून घ्यायचे. शेपटाकडची जमीन पडीक ठेवायची आणि तिच्या मालकांना वरच्या शेतात तुकडा द्यायचा. ज्याचे शेत मोरीला लागून, त्याला पाण्याची ददात नसते. तरीही आपल्या जमिनीतला वाटा पहिल्यांदा त्यानेच सोडायचा. त्याला मोबदला मिळत नाही. खानदेशात पांझरेकाठची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

या गोष्टीतले गाव नकाशात शोधू नये. मात्र त्याच्याभोवतीचा देश, साले आणि आकडे खरे आहेत.

गावात एक म्हातारा होता. सिंहलीत आजोबांना 'सीया' म्हणतात, आणि नातू म्हणायचा म्हणून सारे गावच त्याला सीया म्हणे. त्याचा बाप वेल विदाने होता, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. ते पद १९५८च्या कायद्याने गेले, पण मोरी उघडण्याआधी लोक अजून सीयाच्या तोंडाकडे बघत. त्याचे दोन एकर शेत मोरीपासून दुसरे. पहिले आठ एकर मुदलालीचे. मुदलाली म्हणजे गावचा व्यापारी. भाताची खरेदी, खताचे दुकान आणि उसनवारीची वही, तिन्ही त्याच्याकडे.

२०१६चा पाऊस दगा देऊन गेला. कित्येक दशकांत पडला नव्हता असा तो दुष्काळ. सभेच्या आदल्या दिवशी सीया नातवाला घेऊन बांधावर गेला. मोरीच्या तोंडाशी दगडी खांब होता, त्यावर खाचा. सीया गुडघाभर चिखलात उतरला, हाताने शेवाळ पुसले आणि खाचा बोटांनी चाचपून मोजल्या. मग तेच पुन्हा नातवाला करायला लावले.

"दिसतंय की सीया, खाली गेलंय पाणी."

"दिसणं वेगळं. सभेत छातीवर हात ठेवून आकडा सांगावा लागतो. बांध किती उंच आहे ते कुणी विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी सभेत शेताचा तिसरा हिस्साच पेरायचे ठरले. मुदलाली तासभर कुरकुरला. अखेर त्याने पाच एकर सोडले आणि काथ्याच्या दोरीने मोजून त्यांचे तुकडे पडले. नातवाला हे सारे दळिद्राचे वाटप वाटले.

"सीया, इथे लोक अर्धा-अर्धा एकर वाटत बसलेत आणि तिकडे देश कुठल्या कुठे चाललाय. मी हंबनतोटाला जातो."

त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. २००९च्या मे महिन्यात २६ वर्षांचे यादवी युद्ध संपले होते आणि पुढची काही वर्षे अर्थव्यवस्था वर्षाला ८ टक्क्यांच्या आगेमागे वाढली. शिक्षण आणि आरोग्यात तर श्रीलंका आधीपासूनच दक्षिण आशियात पुढे होती. देशाला 'आशियाचे आश्चर्य' बनवू, असे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे सांगत. त्यांच्या हंबनतोटा जिल्ह्यात २०१० साली बंदर सुरू झाले, २०११च्या विश्वचषकासाठी ३५ हजार प्रेक्षकांचे क्रिकेट मैदान झाले आणि २०१३ साली मत्तलाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळायची त्याची तयारी होती.

नातवाने तीनचाकी घेतली. लीजिंग कंपनीकडून, मासिक हप्त्यावर. परदेशी पाहुणे उतरले की त्यांना 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊन आणायचे, असा त्याचा हिशेब होता. विमानतळाचा रस्ता चौपदरी, गुळगुळीत. त्यावर अधूनमधून मोर चालत. विमाने दिवसाकाठी एखाद-दुसरे, कधी तेही नाही. धावपट्टीवर येणारी जनावरे हुसकायला एकदा पोलीस आणि सैनिक लावावे लागले. त्याच्या आधी, २०१५ साली, तिथल्या मालवाहू इमारतीत सरकारी खरेदीचे भात साठवले गेले होते. नातवाने हे फोनवर सांगितले तेव्हा सीया बराच वेळ गप्प राहिला.

"कोठारच हवं होतं तर इथे बांधायचं. भात इथलं."

बंदराची कथा जगाला जास्त ठाऊक आहे. चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून ते झाले, जहाजे पुरेशी आली नाहीत, आणि २०१७ साली चिनी कंपनीला ते ९९ वर्षांच्या कराराने १ अब्ज १२ कोटी डॉलरला देण्यात आले. चीनने सापळा लावला आणि लंका अडकली, असे त्यावरून सर्रास म्हटले जाते. माझ्या मते हे अर्धेच सत्य आहे. परकीय कर्जाचा सर्वांत मोठा तुकडा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. २००७ साली ५० कोटी डॉलरचे पहिले रोखे काढले, आणि पुढे एक फेडायला दुसरे काढण्याची सवय लागली. निर्यात त्या मानाने वाढली नाही. चहा, तयार कपडे, पर्यटन आणि आखातात राबणाऱ्या बाया-बापड्यांनी धाडलेले पैसे, डॉलर येण्याच्या मोऱ्या एवढ्याच. खांबावरच्या खाचा मोजणारी माणसे कोलंबोत नव्हती असे नाही. मध्यवर्ती बँक आणि विद्यापीठांतले लोक सांगत होते. सभेत त्यांचा आकडा कुणी धरला नाही.

जुलै २०१९मध्ये जागतिक बँकेने श्रीलंकेला उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांत बसवले. वर्षभरात देश पुन्हा खालच्या पायरीवर आला. एप्रिल २०१९च्या ईस्टर रविवारी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले होते, पर्यटक आटले होते. अशा वेळी, २०१९च्याच डिसेंबरात, नवे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. तिजोरीत येणारे पाणी असे आपल्याच हाताने तोडले, आणि चार महिन्यांत करोना आला. २०१९च्या अखेरीस ७.६ अब्ज डॉलर असलेली गंगाजळी २०२२च्या मार्चपर्यंत दोन अब्जांच्याही खाली गेली, आणि तीतलेही हाताशी वापरायला फारच थोडे होते.

मग डॉलर वाचवायचे कुठून? विचार थेट शेपटाकडे गेला. निवडणुकीत शेतकऱ्याला फुकट खताचे वचन होते आणि सेंद्रिय शेतीकडे जायला दहा वर्षांची मुदत होती. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये एका फटक्यात रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर बंदी आली. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही. सीयाचा तर मुळीच नव्हता, त्याचा बाप शेणखतावरच पिकवी. पण शेणखत साठायला गुरे लागतात, वर्षे लागतात, आणि हाती होता एक हंगाम. नोव्हेंबरात बंदी उठली तेव्हा महा हंगामाचे भात शेतात पिवळे पडून उभे होते. सीयाच्या दोन एकरांत एरवीच्या निम्मेही उतरले नाही. देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागला. वाचवलेले डॉलर तिकडे गेले.

१८ जानेवारी २०२२ रोजी सरकारने ५० कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत भरली म्हणून रक्कम चुकती केली. कर्ज बुडवू नये हे खरेच. पण इंधन आणि औषधांच्या खरेदीला डॉलर नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे, आणि देशातले कित्येक जाणकार आधी धनकोंशी बोला म्हणून विनवत होते. दोन महिन्यांनी कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. १२ एप्रिलला परकीय कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर करावेच लागले. मोरीजवळच्यांना आधी भरपूर पाजले आणि मग तलाव आटल्याचे सांगितले, हा क्रम मला अजून खटकतो. जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले आणि गोटाबाया देश सोडून गेले. सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांना टेकली.

नातवाची तीनचाकी तोवर गेली होती. पेट्रोलच्या रांगेत दोन-दोन रात्री काढून मिळणाऱ्या पाच लिटरवर हप्ता निघेना. कंपनीची माणसे आली, किल्ली मागितली. गाडी गेली तरी थकबाकी डोक्यावर राहिली. तो बसने गावी आला. आच्चीने, म्हणजे आजीने, फणसाची भाजी वाढली. त्या दिवसांत भाताच्या जागी बऱ्याच घरांत फणसच होता.

२०२२च्या ऑक्टोबरात महा हंगामाची सभा भरली. या खेपेला तलावात पाणी बऱ्यापैकी होते, पण युरिया आणि डिझेल अर्ध्या शेताला पुरेल एवढेच मिळणार होते. भारताने दिलेल्या कर्जसाह्यातला युरिया थोडा आला होता. त्याच्या गोण्या गावच्या समितीच्या खोलीत मोजून ठेवल्या होत्या. दाराला दोन कुलपे, किल्ल्या दोघांकडे.

सीया म्हणाला, "पाण्याची बेत्म आपण करतो. या वर्षी खताची करू. वरचंच शेत पेरू आणि सगळ्यांत वाटू."

मुदलाली उभा राहिला. "पाणी देवाचं, ते वाटलं. खत पैशाचं आहे. माझ्याकडे पैसे आहेत, मी बाहेरून आणीन. माझे आठ एकर मी पेरणार. सरकारनं तरी कुठे कुणाबरोबर वाटून घेतलं?"

सभेत चुळबुळ झाली. बऱ्याच जणांचे मुदलालीकडे देणे होते. सीयाने बोलायला तोंड उघडले, पण नातू आधी बोलला.

"मुदलाली महत्तया, मी सहा वर्षं हंबनतोट्यात होतो. तिथे जो तो हेच म्हणायचा, माझ्याकडे आहे, मी आणीन. बाहेरून आणायचं, बाहेरून. खाली कुणाचं काय होतंय ते कुणी विचारलं नाही. तुमच्या दुकानातली उधारी शेपटाकडचे लोकच फेडतात ना? त्यांचं शेत पडीक राहिलं तर वही कोण फेडणार?"

मुदलालीने उत्तर दिले नाही. नातू सीयाकडे वळला. त्या दोन एकरांवर तो महिनाभर आस लावून बसला होता. महाचे पीक आले की थकबाकी फेडायची आणि पुन्हा काहीतरी उभे करायचे, हे त्याने आच्चीला सांगून ठेवले होते. सीयाला ते माहीत होते, म्हणून त्या दोन एकरांबद्दल तो नातवाच्या आधी काही बोलेना.

"आमचे दोन एकर आधी मोजा," नातू म्हणाला. "आम्हाला घरटी सगळ्यांना येईल तेवढंच द्या."

समितीच्या सचिवाने सीयाकडे पाहिले. सीयाने मान हलवली. सचिवाने वहीत पहिले नाव लिहिले. त्यानंतर आणखी दोघांनी हात वर केले. मुदलाली म्हणाला, तीन एकर देईन. शेपटाकडून आवाज आला, २०१६ला पाच दिले होते. मुदलाली म्हणाला, तेव्हा भाव वेगळे होते. तिथे घासाघीस सुरू झाली ती दुपार कलली तरी संपेना. अखेर चारवर आला. बाकीच्या चारांत तो स्वतःच्या पैशाचे खत घालणार, समितीच्या गोण्यांना हात लावणार नाही, असे सचिवाने त्याच्यासमोर वाचून दाखवले आणि त्याची सही घेतली.

शेपटाकडची एक विधवा मागे उभी होती. तिने विचारले, "मला कुठला तुकडा?"

"आमच्यातला, पाटाला लागून," नातू म्हणाला. "दोरी घेऊन उद्या सकाळी सातला या. आणि कुदळ आणा, मधला बांध ढासळलाय, तो आधी घालावा लागेल."