संयोग, समवाय आणि लॅनची केबल

लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपला केबलने इंटरनेट द्यायचे असेल, तर मध्ये यूएसबी अडॅप्टर घालावा लागतो. एका टोकाला यूएसबीचा प्लग, दुसऱ्या टोकाला आठ पिनांचे लॅन सॉकेट आणि मधल्या बोटभर डबीत एक चिप, एवढीच ही वस्तू. २००८ साली ॲपलने पहिला मॅकबुक एअर लॅन पोर्टशिवाय बाजारात आणला आणि असा अडॅप्टर वेगळा विकायला ठेवला. पुढे पातळ लॅपटॉपांतून हा पोर्ट सर्रास गाळला गेला. या जोडणीला तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न नेमका लागू पडतो. दोन वस्तूंच्या मध्ये तिसरी असेल, तर पहिली शेवटचीला जोडली गेली असे म्हणता येते काय? की शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या दोन सुट्या जोडण्याच खऱ्या, आणि तिसरी केवळ बोलण्याची सोय? त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे: जोडणारी वस्तू स्वतः कशाने जोडली जाते? भारतीय दर्शनांनी या दोन्ही प्रश्नांचा विचार ‘संबंध’ या विषयाखाली बारकाईने केला आहे.

आधी अडॅप्टर नेमके काय करतो ते पाहावे लागते. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मांडली. १९८३ मध्ये ती ‘आयईईई ८०२.३’ या मानकात बांधली गेली. यूएसबी १९९६ चे. दोघांची रीत अगदी वेगळी आहे. यूएसबीत एक यजमान असतो आणि बाकी उपकरणे त्याच्या आज्ञेत असतात. यूएसबी २.० मध्ये तर उपकरणाला आपणहून बोलताच येत नाही. यजमानाने विचारले की उत्तर द्यायचे. इथरनेटच्या केबलला दोन्ही टोके बरोबरीची असतात. वेग किती ठेवायचा हे ती आपसांत ठरवतात आणि ज्याला पाठवायचे असेल तो पाठवतो. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १,५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो, यूएसबी २.० च्या जलद मार्गावरचे पॅकेट मात्र ५१२ बाइटांचे असते. त्यामुळे १४ बाइटांच्या शीर्षभागासह आलेली भरलेली फ्रेम तीन पॅकेटांत विभागून लॅपटॉपकडे जाते आणि तेथे ड्रायव्हर ती पुन्हा सांधतो. म्हणजे केबलमधून आलेले विद्युत-संकेत लॅपटॉपपर्यंत पोहोचतच नाहीत. ते अडॅप्टरमध्ये संपतात. पुढे जातो तो त्यांचा आशय, वेगळ्या संकेतांच्या रूपात.

वैशेषिक दर्शनात वस्तूंचे दोन मुख्य संबंध सांगितले आहेत. वेगवेगळ्या राहू शकणाऱ्या दोन द्रव्यांचा संबंध तो संयोग. तो गुणांत मोडतो. तो उत्पन्न होतो आणि विभागाने नाहीसा होतो. जे एकमेकांवाचून राहूच शकत नाहीत, त्या अयुतसिद्धांचा संबंध तो समवाय. अवयव आणि अवयवी, गुण आणि गुणी, क्रिया आणि क्रियावान, जाती आणि व्यक्ती, नित्य द्रव्य आणि त्यातला विशेष अशा पाच जोड्या त्यात येतात. सूत आणि कापड यांत समवाय असतो, कापड आणि खुंटी यांत संयोग.

संयोगही तीन रीतींनी घडतो. उडत आलेला ससाणा कड्यावर बसतो तेव्हा एकाच्याच हालचालीने संयोग होतो. दोन एडके एकमेकांवर धडकतात तेव्हा दोघांच्या हालचालीने होतो. तिसरा प्रकार संयोगातून जन्मणाऱ्या संयोगाचा. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने आपल्या ‘तर्कसंग्रहा’वरील दीपिकेत त्याचे सुटसुटीत उदाहरण दिले आहे: हाताचा पुस्तकाशी संयोग झाला की त्यापासून शरीराचाही पुस्तकाशी संयोग होतो. शरीर स्वतः हललेले नसते, तरी ‘या माणसाने पुस्तकाला हात लावला’ हे वाक्य खरे ठरते.

लॅपटॉपमध्ये अडॅप्टर खोचणे हा पहिल्या प्रकारचा संयोग आहे आणि अडॅप्टरमध्ये केबल खोचणेही तसेच. लॅपटॉपचा केबलशी संयोग झालाच असेल, तर तो तिसऱ्या प्रकारचा असला पाहिजे. पण या प्रकाराला एक अट आहे. हाताचा स्पर्श शरीराचा होतो, कारण हात शरीराचा अवयव आहे. टेबलावर पुस्तक आणि पुस्तकावर पेला ठेवला, तर पेल्याचा टेबलाशी संयोग होत नाही. तेथे उरतो तो नुसता परंपरासंबंध, म्हणजे दोन संबंधांची साखळी. म्हणून मूळ प्रश्न असा मांडता येतो: अडॅप्टर हा लॅपटॉपचा हात आहे, की टेबलावरचे पुस्तक?

पहिली कसोटी सुटेपणाची. अडॅप्टर उपसून खिशात ठेवता येतो, दुसऱ्या लॅपटॉपला लावता येतो. कापडातले काही धागे काढले तर न्यायमताने जुने कापड नष्ट होऊन नवे, उणे कापड उत्पन्न होते. अडॅप्टर काढल्यावर लॅपटॉप मात्र तोच राहतो. या कसोटीने तो अवयव ठरत नाही. पण अडॅप्टर खोचताच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जो नेटवर्क इंटरफेस दिसू लागतो, त्याचे तसे नाही. तो अडॅप्टरवाचून क्षणभरही टिकत नाही आणि लॅपटॉपच्या बाहेर त्याला अस्तित्वच नाही. वस्तू युतसिद्ध, म्हणजे सुटी राहू शकणारी आहे, तिचे कार्य अयुतसिद्ध.

दुसरी कसोटी जागेची: जे खोक्याच्या आत ते अवयव, बाहेरचे परके. ही कसोटी लगेच ढासळते. लॅपटॉपचा वेबकॅम आत बसवलेला असला, तरी बहुतेक वेळा तो आतल्या आत यूएसबीनेच जोडलेला असतो. याहून बोलके उदाहरण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे. २०१२ च्या ‘मॉडेल बी’वर लॅन पोर्ट थेट बोर्डावर डागलेला होता, पण त्यामागची चिप प्रोसेसरला यूएसबीनेच जोडलेली होती. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत इथरनेटला यूएसबीपासून वेगळी वाट मिळाली. तोवर ज्याला सारे जण अंगचा पोर्ट म्हणत होते, तो रचनेने यूएसबी अडॅप्टरच होता. आत आणि बाहेर हा भेद खोक्याचा आहे, संबंधाचा नाही.

तिसरी कसोटी ताब्याची. रामानुजाचार्यांनी ‘श्रीभाष्या’त शरीराची व्याख्या आकारावरून किंवा जागेवरून केली नाही. जे द्रव्य एखाद्या चेतनाला सर्वस्वी आपल्या प्रयोजनासाठी धारण करता येते आणि नियमनात ठेवता येते, आणि ज्याचे स्वरूपच त्या चेतनाच्या अधीन असण्याचे आहे, ते त्याचे शरीर. लॅपटॉप चेतन नाही, म्हणून व्याख्या जशीच्या तशी लागू होणार नाही. पण धारण, नियमन आणि अधीनता ही तिची तीन अंगे यूएसबीच्या बाजूला उघड दिसतात. अडॅप्टरला ५ व्होल्टची वीज लॅपटॉप पुरवतो. त्याला क्रमांक देऊन यादीत घेणे, चालू करणे, झोपवणे ड्रायव्हरच्या हाती असते. आणि यूएसबी २.० वर तर विचारल्याशिवाय तो बोलत नाही. या कसोटीने अडॅप्टर हात ठरतो.

चौथी कसोटी नावाची, आणि ती उलट दिशेला जाते. लॅनवर प्रत्येक इंटरफेसला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. त्याचे पहिले २४ बिट सहसा निर्मात्याची ओळख सांगतात. हा पत्ता अडॅप्टरच्या चिपबरोबर येतो. तोच अडॅप्टर दुसऱ्या लॅपटॉपला लावला की नेटवर्कला जुनाच पाहुणा पुन्हा आल्यासारखे वाटते; पत्ता पाहून प्रवेश देणारे कार्यालयीन नेटवर्क त्याला आत घेते. म्हणून काही व्यावसायिक लॅपटॉपांत अशी सोय असते, की अडॅप्टर लावल्यावर त्याचा पत्ता बाजूला ठेवून लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता पुढे करावा. एरवी नेटवर्कच्या लेखी जोडला जातो तो अडॅप्टर. त्यामागे कोण आहे हे नेटवर्कला या पत्त्यावरून कळत नाही.

या कसोट्या एकमेकींना खोट्या पाडत नाहीत, कारण त्या अडॅप्टरच्या वेगवेगळ्या बाजू तपासतात. लॅपटॉपच्या बाजूने तो कार्यात अवयव आहे, केबलच्या बाजूने स्वतःच्या नावाचे स्वतंत्र द्रव्य. म्हणून ‘लॅपटॉप केबलने जोडला आहे’ हे विधान लॅपटॉपपाशी उभे राहून खरे आहे. नेटवर्कपाशी उभे राहिले, तर त्याला ‘अडॅप्टरच्या द्वारे’ ही पुस्ती जोडावी लागते.

येथे कोणी म्हणेल की मध्ये काही असले म्हणजे संबंध थेट उरलाच नाही. न्यायदर्शनाला हे मान्य होणार नाही. त्याच्या मते प्रत्यक्ष ज्ञान सर्वांत थेट, आणि तरीही ते इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षावाचून, म्हणजे संपर्कावाचून होत नाही. घट दिसतो तो डोळ्याच्या संयोगाने, घटाचा रंग दिसतो तो ‘संयुक्त-समवाया’ने, म्हणजे डोळ्याला जोडलेल्या घटात रंग समवायाने आहे म्हणून, रंगातली रंगत्व ही जाती आणखी एका पायरीने. पायऱ्या वाढल्या तरी ज्ञान प्रत्यक्षच राहते. धुरावरून अग्नी ओळखणे मात्र अनुमान होते, कारण तेथे मधली पायरी स्वतः ज्ञानाचा विषय बनते: आधी धूर जाणावा लागतो, मग अग्नी. डोळा असा आधी जाणावा लागत नाही. थेटपणा मधल्या वस्तूंच्या अभावावर अवलंबून नाही; मधली वस्तू साधन म्हणून वापरली जाते की स्वतः विषय होते, यावर तो अवलंबून आहे. अडॅप्टर नीट चालतो तोवर ब्राउझरला त्याचा पत्ताही नसतो. ड्रायव्हर बिघडला की तोच तपासाचा विषय बनतो.

उरतो दुसरा प्रश्न: जोडणारा कशाने जोडला जातो? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात समवायावर हाच आक्षेप घेतला. समवाय हा ज्यांना जोडतो त्यांच्याहून वेगळा पदार्थ असेल, तर त्याला त्यांच्याशी जोडायला दुसरा समवाय लागेल, त्याला तिसरा, आणि अनवस्था ओढवेल. संयोगाला राहण्यासाठी समवाय लागतो असे म्हणायचे आणि समवायाला काहीच लागत नाही असेही म्हणायचे, हा पक्षपात झाला. त्याआधी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ या छोट्या ग्रंथात संबंध नावाची वस्तूच नाकारली होती: वस्तू आपापल्या जागी असतात, त्यांना जोडते ती कल्पना. १८९३ साली इंग्लंडमध्ये एफ. एच. ब्रॅडली यांनी ‘ॲपिअरन्स अँड रिॲलिटी’ या ग्रंथात स्वतंत्रपणे याच धर्तीचा आक्षेप मांडला.

अडॅप्टर उघडून पाहिला तर ही साखळी डोळ्यांसमोर येते. लॅपटॉप आणि अडॅप्टर यांच्यामध्ये प्लगच्या पिना, पिना आणि चिप यांच्यामध्ये बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, चिप आणि सॉकेट यांच्यामध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर. या ट्रान्सफॉर्मरांपाशी तर स्पर्शच तुटतो. इथरनेटच्या मानकानुसार केबल आणि उपकरण यांच्यातले विलगीकरण १,५०० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाला ६० सेकंद टिकले पाहिजे. म्हणून केबलचे तांबे चिपच्या तांब्याला मुद्दाम शिवू दिले जात नाही. संकेत एका वेटोळ्यातून दुसऱ्यात चुंबकीय क्षेत्राने जातो. ज्या जोडणीला वायर्ड म्हणतात, तिच्याही पोटात वायर सलग नाही. एकसंध स्पर्शाने जोडणी सिद्ध होते हा समज येथे संपतो.

तरीही केबल खोचताच सॉकेटवरचा दिवा लागतो. साखळी अनंत न होता थांबते, आणि थांबण्याचे कारण नव्यन्याय या न्यायदर्शनाच्या पुढच्या शाखेतल्या स्वरूपसंबंधाच्या कल्पनेने चांगले सांगता येते. काही संबंध हे संबंधींहून वेगळे तिसरे द्रव्य नसतात. त्या वस्तूंचे स्वरूपच संबंधाचे काम करते. इथरनेटचे मानक केबलमध्ये कोठेही ठेवलेले नाही. ते दोन्ही टोकांच्या चिपांच्या घडणीत उतरलेले आहे: पलीकडून कोणत्या रूपाचा संकेत येईल आणि त्याला काय उत्तर द्यायचे, हे प्रत्येक चिप स्वतःच्या रचनेतच घेऊन येते. दोन्ही टोके एकमेकांसाठी आधीच घडलेली असल्याने त्यांना सांधायला आणखी एका सांधणाऱ्याची गरज उरत नाही. जेथे अशी घडण नसते तेथेच अडॅप्टर लागतो, आणि तोही दोन्ही बाजूंसाठी घडलेला असतो म्हणूनच कामाला येतो.

धर्मविचारात मधल्या वस्तूचा हाच प्रश्न मूर्तीच्या निमित्ताने उभा राहतो. शंकराचार्यांच्या मांडणीत शाळिग्राम हे प्रतीक आहे. त्यावर विष्णुदृष्टी ठेवायची, पण उपासकाने प्रतीकालाच आत्मा मानायचे नाही. श्रीवैष्णव संप्रदायात अर्चा हा परमेश्वराचा अवतार आहे, भक्तासाठी त्याने स्वतः घेतलेले रूप. पहिल्या मतात मूर्ती भक्त आणि परमेश्वर यांच्यामधली वस्तू आहे. दुसऱ्यात ती परमेश्वराच्याच बाजूची आहे, आणि तिच्या पायांवर ठेवलेले मस्तक त्याच्याच पायांवर ठेवले जाते. दगड तोच, मधली जागाही तीच. बदलतो तो त्या जागेतल्या वस्तूचा संबंध. म्हणून मूर्तिपूजा थेट की आडवळणाची, हा वाद मूर्तीकडे बोट दाखवून मिटत नाही. ती कोणाचा अवयव मानली आहे, हे आधी ठरवावे लागते.

या तुलनेला एक मर्यादा आहे. यूएसबी आणि इथरनेट ही मानके माणसांनी समित्यांत बसून ठरवली. दर्शने ज्या संबंधांविषयी बोलतात ते कोणी ठरवलेले नसतात. धर्मकीर्तीचा अनुयायी म्हणेल की यावरूनच संबंध कल्पित असल्याचे दिसते. नैयायिकाचे उत्तर असेल की संकेत कितीही माणसांनी ठरवला, तरी तांब्यातून वीज वाहते आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने शेजारच्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो, हे कोणत्याही समितीने ठरवलेले नाही. वस्तूंच्या स्वभावात आधार नसता तर संकेत निष्फळ ठरला असता. जोडणीत संकेताचा वाटा किती आणि स्वभावाचा किती, एवढाच वाद मग दोघांमध्ये उरतो. मध्ये वस्तू आहे म्हणून जोडणी नाही, हा आक्षेप त्या वादाच्या आधीच निकाली निघालेला असतो.