फुली एकटी आली का?

कोरेगाव तालुक्यातल्या आक्कांच्या घरी दोन म्हशी आणि भिंतीवर एक कालनिर्णय. डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब त्यावरच: सकाळ चार, संध्याकाळ तीन. धाकटा मुलगा बिघडल्यापासून त्या आकड्यांशेजारी आक्का आणखी काही काढू लागल्या. तो रात्रभर जागला की चंद्रकोर. अंथरुणातून उठलाच नाही की आडवी रेघ. समोर कुणी नसताना बोलत बसला की फुली. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती, एवढंच.

पहिल्या डॉक्टरांकडे नेला तो थंडीत. महिनाभर घोंगडी सोडत नव्हता, भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नव्हता. त्यांनी नैराश्य म्हटलं, गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत गडी उठला, आणि असा उठला की मध्यरात्री कुदळ घेऊन विहीर खणायला निघाला, उधारीवर तीन मोटारी आणल्या, म्हसोबा आपल्याशी बोलतो म्हणू लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी तो पाहिला या अवस्थेत. तिथं स्किझोफ्रेनिया ठरला. मधे एक देवऋषीही झाला. त्याचं निदान सगळ्यांत झटपट आणि सगळ्यांत महाग. थोरला वैतागून म्हणाला, डॉक्टरांनाच काही कळत नाही, गोळ्या बंद करा.

साताऱ्याच्या डॉक्टर बाईंनी आजाराचं नाव घेतलंच नाही. विचारलं, "आधी झोप गेली की आधी आवाज आले?" थोरला गप्प. आक्का म्हणाल्या, "तारखा भिंतीवर हायत की."

पुढच्या खेपेला तांदळाच्या पिशवीतून तीन वर्षांची कॅलेंडरं निघाली. काही पानांवर शेणाचे डाग. बाईंनी ती टेबलावर पसरली, चौकोनाचौकोनावरून पेन फिरवलं.

"आक्का, फुली कधी एकटी आलीय का? चंद्रकोर नाही, रेघ नाही, नुसती फुली?"

एकटी कुठंच नव्हती. दर वेळी आधी चंद्रकोरींची नाहीतर रेघांची रांग, फुल्या त्या रांगेच्या पोटात; रांग संपली की फुल्याही संपलेल्या.

"हा बायपोलर दिसतोय. फुल्या सलग दोन आठवडे एकट्या असत्या, तर स्किझोअफेक्टिव्हचा, म्हणजे दोन्हींच्या मधल्या आजाराचा, विचार करावा लागला असता. आणि यात नुसती नैराश्याची गोळी दिली, तर माणूस कधीकधी असा उसळतो."

"म्हणजे आधीचे चुकले?" थोरल्यानं विचारलं.

"त्यांना एकेक पान दिसलं. मला तुमच्या आईनं तीन वर्षं दाखवली."

आज ज्यांना स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर म्हणतात, त्या आजारांची दोन कप्प्यांत वाटणी केली जर्मनीच्या एमिल क्रेपेलिननं, १८९९ मध्ये. तोही रुग्णागणिक कार्ड ठेवायचा आणि आजार पुढे कसा वळतो ते पाहायचा. १९२० मध्ये मात्र त्यानंच लिहून टाकलं की अनेक रुग्ण दोन्हींपैकी एका कप्प्यात नक्की बसवता येत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसानं हे कबूल केलं, याचं मला कौतुक वाटतं.

लिथियम सुरू झालं. त्याची पातळी, किडनी, थायरॉइड यांसाठी ठरावीक काळानं रक्त तपासणी. "खुणा थांबवू नका," बाई म्हणाल्या, "उद्या फुली एकटी आली, तर नाव बदलावं लागेल."

यंदा चैत्रात लागोपाठ दोन चंद्रकोरी पडल्या. तिसऱ्या दिवशी धार थोरल्यावर सोपवून आक्का पहिल्या एसटीनं धाकट्याला घेऊन साताऱ्यात हजर.